नव्या कुरणावर फॅट लागत नाही, शेण पातळ पडतं: सुका चारा वाढवण्याआधी काय तपासावं

तक्रार ठरलेली असते. कुरणात नवं लुसलुशीत गवत फुटलं की दूध चढतं आणि त्याच पंधरवड्यात फॅट घसरते. ३.८ टक्के लागणारी फॅट ३.४ वर येते, शेणाचा पो बसत नाही, शेपट्या आणि मागचे पाय माखलेले दिसतात. मग कुणीतरी सांगतं, "तंतू कमी पडताहेत, भुसा घाला." गाठी येतात, भुसा पडतो, दोन-तीन आठवड्यांत फॅट सावरते आणि इलाज लागू पडला असं सगळे धरून चालतात. पुढच्या फुटव्याला पुन्हा तोच खेळ.

यात एक गोष्ट सुटते. त्या दोन-तीन आठवड्यांत गवतही जून होतं. त्यातले तंतू वाढतात, पाणी कमी होतं, पानातलं तेल उतरतं. भुसा घातला नसता तरी फॅट बरीचशी वर आलीच असती. श्रेय मात्र गाठींना मिळतं, म्हणून दरवर्षी त्याच वेळी गाठींची खरेदी होते.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. गाय पोटभर गवत चरत असेल आणि खुराक बेताचा असेल, तर तंतूंची खरी कमतरता क्वचितच असते. भुशाचा खरा खर्चही गाठीच्या किमतीत दिसत नाही. भुशानं पोटातून जे गवत हटवलं, त्यात तो असतो. काही ठिकाणी मात्र सुका चारा खरोखर लागतो, आणि तिथे कंजुषी केली तर गाय आजारी पडते. ही दोन्ही प्रकरणं वेगळी ओळखायची कशी, ते पुढे सविस्तर लिहितो.

आधी आकडा खरा आहे का?

फॅटचा आकडा नमुन्यावर फार अवलंबून असतो. धारेच्या शेवटी येणाऱ्या दुधात सुरुवातीच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त फॅट असते. घाईत यंत्र लवकर काढलं, धार अर्धवट राहिली, की दाट दूध कासेतच राहतं. दोन धारांमधलं अंतर सारखं नसेल तर लांब अंतरानंतरचं दूध जास्त आणि पातळ येतं, जवळच्या अंतरानंतरचं कमी आणि दाट. टाकीतलं दूध नीट न ढवळता घेतलेल्या नमुन्याबद्दल तर बोलायलाच नको. त्यामुळे एका वेळच्या आकड्यावर चारा बदलू नका. दोन्ही वेळचे, सलग आठ-दहा दिवसांचे आकडे समोर ठेवा.

मग वेताकडे बघा. व्यायल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, दूध शिगेला असतं तेव्हा, फॅट मुळातच तळाला असते. कळपातल्या बहुतेक गायी एकाच हंगामात व्यायलेल्या असतील तर दुधाचा कळस आणि नवं गवत एकाच वेळी येतात आणि सगळा ठपका गवतावर बसतो. उन्हाच्या तडाख्यानंही फॅट उतरते.

तिसरी नजर प्रथिनांवर टाका. फॅट ३.४ आणि प्रथिनं ३.२ असतील तर घाबरण्यासारखं काही नाही. बऱ्याच गायींची फॅट प्रथिनांच्याही खाली गेली असेल, किंवा मोठ्या दुधाच्या जातीत अनेक गायी २.५ च्या खाली दिसत असतील, तर मात्र कोठीपोटात (पोटाचा पहिला मोठा कप्पा, जिथे चारा आंबतो) काहीतरी बिघडलंय असं समजून पुढे तपासायचं. फॅटबरोबर प्रथिनंही उतरली असतील तर वेगळा संशय घ्यावा लागतो: गायीला ऊर्जा कमी पडतेय, म्हणजे ती उपाशी आहे. अशा गायीला भुसा घालणं म्हणजे उपाशी पोट फोलानं भरणं.

शेण काय सांगतं, रवंथ काय सांगते

कोवळ्या गवतात १५ टक्क्यांच्या आसपासच शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) असतो. गायीनं १२ किलो शुष्क पदार्थ खायचा तर तिला जवळजवळ ८० किलो ओलं गवत खावं लागतं, आणि त्यातलं ६८ किलो नुसतं पाणी असतं. वर प्रथिनं आणि पालाश (पोटॅशियम) भरपूर. असं खाल्ल्यावर शेण सैल पडणारच. शेणाची प्रत १ ते ५ अशी मोजतात. १ म्हणजे पाण्यासारखं, ५ म्हणजे घट्ट गोळे. गोठ्यातल्या मिश्र आहाराच्या गायीकडून ३ ची अपेक्षा असते. कोवळ्या कुरणावरच्या गायीचं शेण २ ते २.५ असणं नेहमीचंच आहे. गोठ्याचं माप कुरणाला लावलं की प्रत्येक गाय आजारी वाटायला लागते.

शेण पातळ आहे एवढ्यावर थांबू नका, ते कसं पातळ आहे ते बघा. सगळ्या गायींचं सारखंच हिरवं, सैल, फेस नसलेलं शेण असेल तर कारण बहुधा गवत. एकीचं घट्ट, दुसरीचं पाण्यासारखं, तिसरीचं फेसाळ आणि त्यात अर्धवट दाणे किंवा शेंबडासारखे पापुद्रे असतील, तर खुराकाकडे बोट जातं. खुराक सगळ्यांना सारखा मिळत नाही. दांडग्या गायी दुसऱ्यांचा वाटा ओढतात आणि त्यांचंच पोट बिघडतं. मूठभर शेण चाळणीत घेऊन पाण्याखाली धुतलं तर अख्खे दाणे आणि एक-दीड सेंटिमीटरहून लांब धागे डोळ्यांना दिसतात. या तपासणीला खर्च नाही, पण हात घालायची तयारी हवी.

दोन-चारच गायी पातळ हगतात आणि वाळतही चालल्यात, बाकीचा कळप ठीक आहे, असं असेल तर चाऱ्याचा विचार सोडा. जंत, यकृतातले चपटे कृमी, जोन्स रोग, आतड्याचा जंतुसंसर्ग यांसाठी शेणाची तपासणी करून घ्या आणि पशुवैद्यांना बोलवा.

शेणापेक्षा मी रवंथीवर जास्त विश्वास ठेवतो. चरून झाल्यावर दोनेक तासांनी, गायी सावलीत टेकल्यावर, शांतपणे मोजा. निवांत बसलेल्या १० गायींपैकी ५-६ किंवा जास्त गायी रवंथ करत असतील तर तंतूंची हाकाटी करण्याचं कारण नाही. एक घास चघळताना जबड्याच्या फेऱ्या मोजल्या तर साधारण ५० ते ७० भरायला हव्यात. धडधाकट गाय दिवसाला ६ ते ९ तास रवंथ करते. बसलेल्या गायींपैकी दोन-तीनच रवंथ करताहेत, घास ४० फेऱ्यांतच गिळला जातोय, चघळतानाचे घास तोंडातून पडलेले सापडताहेत, काही गायी एक दिवस खातात आणि दुसऱ्या दिवशी तोंड फिरवतात, काही महिन्यांनी खुरांच्या तक्रारी वाढतात: ही चिन्हं एकत्र दिसली तर कोठीपोटात आम्लता खरोखर वाढलीय. खात्रीच करायची तर पशुवैद्य कोठीपोटात सुई घालून पाणी काढतात. १२ गायी तपासून ३ किंवा अधिक गायींचा सामू (पीएच) ५.५ च्या खाली आला तर अडचण कळपाची आहे असं धरतात. तोंडातून नळी घालून काढलेल्या पाण्यात लाळ मिसळते आणि आकडा खोटा चांगला येतो, हे लक्षात ठेवा. एरवी कुरणावरच्या गायीचा सामू दिवसातून काही वेळ ५.८ पर्यंत उतरतो आणि तिला त्याचं काही होत नाही.

फॅट मग घसरते कशानं?

दुधातल्या फॅटचा जवळपास अर्धा भाग कासेत नव्यानं तयार होतो. त्याचा कच्चा माल म्हणजे तंतू आंबून कोठीपोटात तयार होणारी ॲसिटिक आणि ब्युटिरिक आम्लं. उरलेला अर्धा भाग खाल्लेल्या तेलातून आणि अंगावरच्या चरबीतून येतो. 'तंतू कमी म्हणून फॅट कमी' हे सूत्र या पहिल्या अर्ध्यातून आलं आणि जास्त दाणा खाणाऱ्या गायीच्या बाबतीत ते बरोबरही आहे.

कुरणावर मात्र दुसरी वाट जास्त महत्त्वाची ठरते. कोवळ्या पानात शुष्क पदार्थाच्या ३ ते ५ टक्के स्निग्ध पदार्थ असतात आणि त्यांचा निम्म्याहून अधिक भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो. कोठीपोटातले जिवाणू हे असंपृक्त तेल पचवून संपृक्त करायला बघतात. तेल भरभर आलं, किंवा कोठीपोट आंबट असलं, की हे काम अर्ध्यात अडकतं आणि मधल्या टप्प्यावरची काही ट्रान्स आम्लं तयार होतात. ती रक्तातून कासेत गेली की फॅट बनवायचं कामच मंदावतं. कच्चा माल असून कारखाना हळू चालतो. म्हणून तंतू पुरेसे असतानाही कोवळ्या गवतावर फॅट थोडी उतरते, आणि पान जून झालं की आपोआप सावरते.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. कोवळ्या कुरणाच्या दिवसांत खुराकात तेलकट वस्तू असेल, जसं तेल न काढलेला तांदळाचा कोंडा, सरकी, तेल जास्त उरलेली पेंड, तर ती आधी कमी करा. पूर्ण आहारातले स्निग्ध पदार्थ शुष्क पदार्थाच्या ६-७ टक्क्यांवर जाऊ देऊ नयेत, आणि गवतानंच त्यातला बराच वाटा आधी व्यापलेला असतो. खुराकात मोनेन्सिन (कोठीपोटातल्या जिवाणूंवर काम करणारं औषध) असेल तर त्यानंही फॅट थोडी दबते.

लांब, खरखरीत तंतूचं काम वेगळं आहे. तो कोठीपोटात वर गोधडीसारखा थर धरतो, भिंतीला टोचतो, त्यामुळे रवंथ सुरू होते. रवंथीबरोबर लाळ येते, दिवसाला शंभर लिटरहून जास्त, आणि त्या लाळेतला सोडा आम्लाला आवरतो. पण चरणारी गाय नुसत्या रवंथीवर अवलंबून नसते. ती दिवसाचे सात-आठ तास गवत तोडत, चावत असते आणि तेव्हाही लाळ वाहत असते. तिच्यात आणि तासाभरात भरड्याची घमेली फस्त करणाऱ्या गायीत हा मोठा फरक आहे.

कागदावरचा हिशोब

तंतू मोजायचं चालतं माप म्हणजे एनडीएफ. पूर्ण आहारात ते शुष्क पदार्थाच्या २५ ते २८ टक्क्यांखाली जाऊ नये, आणि त्यातले किमान १९ (हेही शुष्क पदार्थाच्याच टक्क्यांत) चाऱ्यातून यावेत, असा ढोबळ नियम आहे. कोवळ्या गवताचं एनडीएफ ३५ ते ४५ टक्के, बऱ्या वाळक्या गवताचं ५५ ते ६५, गव्हाच्या भुशाचं ७० ते ८०, दाण्याचं साधारण १० ते १५.

एक गाय धरा. ती १२ किलो गवत आणि ४ किलो खुराक खाते, दोन्ही शुष्क पदार्थात. गवताचं एनडीएफ ४० टक्के, म्हणजे ४.८ किलो. खुराकाचं १५ टक्के, म्हणजे ०.६ किलो. एकूण ५.४ भागिले १६, जवळजवळ ३४ टक्के. नुसत्या चाऱ्यातून ३० टक्के. किमान पातळीच्या कितीतरी वर. या गायीला भुसा कशासाठी?

आता दुसरी गाय. कुरण तोकडं, म्हणून ८ किलो गवत, तेही अगदी कोवळं, ३६ टक्के एनडीएफचं, आणि भर म्हणून ८ किलो दाण्याचा भरडा, १२ टक्क्यांचा. २.८८ आणि ०.९६ मिळून ३.८४. भागिले १६ केलं की २४ टक्के, आणि चाऱ्यातून फक्त १८. ही गाय खरी अडचणीत आहे. पण तिचं दुखणं गवत नाही, भरडा आहे. त्यातला दीड किलो भरडा काढून तेवढंच ६० टक्के एनडीएफचं वाळकं गवत दिलं तर एकूण २८.५ टक्के होतात आणि चाऱ्यातले २३ च्या वर जातात. इथे सुका चारा भरड्याच्या जागी आला, गवताच्या नाही. सगळी मेख यातच आहे.

भरड्याच्या बाबतीत त्याचं प्रमाण, तो देण्याची वेळ आणि बारीकपणा तिन्ही बघा. एका धारेला अडीच-तीन किलोच्या वर दाणा पडत असेल तर तो विभागून द्या. गहू आणि जव मक्यापेक्षा लवकर आंबतात, पिठासारखे दळले तर आणखी लवकर. नवा खुराक दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. आणि दाण्याचा काही भाग सोयाबीनची टरफलं, गव्हाचा कोंडा किंवा बीटचा चोथा यांनी बदलता येतो. त्यांच्यामुळे रवंथ वाढत नाही, पण स्टार्च कमी होतो आणि भुशाएवढी ऊर्जाही बुडत नाही. खर्चाच्या दृष्टीनं मला हा बदल भुशापेक्षा बरा वाटतो.

खर्च दुधाच्या लिटरात मोजा

भाव जागेनुसार, हंगामानुसार बदलतात, म्हणून सगळा हिशोब दुधाच्या लिटरात करावा. एक किलो भुशाची किंमत म्हणजे किती लिटर दुधाची किंमत, असं.

विकत घेतलेल्या एक किलो भुशात शुष्क पदार्थ साधारण ८५० ग्रॅम. जमिनीवर टाकला तर पाचवा हिस्सा सहज तुडवला जातो. पोटात जातात ६८० ग्रॅम. म्हणजे पोटातल्या एक किलो शुष्क भुशासाठी जवळपास दीड किलो विकत घ्यावा लागतो. समजा एक किलो भुसा ०.२ लिटर दुधाला पडतो, तर पोटातला किलो ०.३ लिटरला पडला. हा दिसणारा खर्च. वाहतूक, साठवण आणि रोज टाकायची मजुरी वर धरा.

आता न दिसणारा. कोवळ्या गवताच्या एक किलो शुष्क पदार्थात ११.५ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा मिळते, भुशात जेमतेम ६. पोट भरलेल्या गायीनं एक किलो भुसा खाल्ला तर ती तेवढंच गवत सोडते. तोटा साडेपाच मेगाज्यूल, आणि एक लिटर दुधाला तेवढीच ऊर्जा लागते. म्हणजे लिटरभर दूध गेलं. दोन्ही मिळून १.३ लिटर, दर गायीला, दर दिवशी.

गाय अर्धपोटी असेल तर चित्र बदलतं. एक किलो भुशामागे ती समजा ६०० ग्रॅमच गवत सोडते. ६ मेगाज्यूल आले, ६.९ गेले. तोटा किरकोळ. पण अर्धपोटी गायीला ६ मेगाज्यूलची वस्तू द्यायची की १० ची? तिथे चांगलं वाळकं गवत किंवा मुरघास द्यावा. त्याला तंतूचा पूरक म्हणू नये, तो तिचा चाराच आहे.

आणि फॅट? समजा २० लिटरची गाय ३.५ वरून ३.७ वर आली आणि दूध १९ वर आलं. ग्रॅम काढायचे तर लिटर गुणिले १.०३ गुणिले फॅट गुणिले १०. आधी ७२१ ग्रॅम, नंतर ७२४. पावतीवर दोन दशांश वाढले, टाकीत फॅट वाढली ३ ग्रॅम. ३.२ टक्के प्रथिनं तशीच धरली तर ती ६५९ वरून ६२६ ग्रॅमवर आली, म्हणजे ३३ ग्रॅम गेली. दूध कमी झालं म्हणून टक्का वाढला. तुमच्या दुधाचा भाव ठरावीक फॅटच्या खाली एकदम तुटत असेल, तर मात्र हा हिशोब पुन्हा मांडा. मोठी कपात टळत असेल तर एक लिटर सोडणंही परवडू शकतं. तिथे भुसा कपात चुकवण्यासाठी घालताय, गायीच्या तब्येतीसाठी नाही, एवढं स्वतःशी स्पष्ट असावं.

गाठींआधी कुरण

बऱ्याचदा फॅटची तक्रार चराईच्या पद्धतीतून आलेली असते. राई गवताच्या (रायग्रास) फुटव्याला अडीच-तीन पानं येण्याआधीच गायी सोडल्या तर तंतू कमी, पाणी, पालाश आणि नत्र जास्त असं गवत पोटात जातं. वर गवताची मुळं कमकुवत होतात आणि पुढचा फुटवाही उशिरा येतो. तुकड्यांच्या फेऱ्या दोन-चार दिवसांनी लांबवणं हा फुकटातला तंतुपुरवठा आहे.

उपाशी गाय ओल्या कोवळ्या गवतावर एकदम तुटून पडते. नवा तुकडा शक्य तर दुपारनंतर द्या. तेव्हा पानात साखर आणि शुष्क पदार्थ दोन्ही सकाळपेक्षा जास्त असतात.

दुधातला युरिया नायट्रोजन डेसिलिटरला १६-१८ मिलिग्रॅमच्या वर असेल तर गवतातली प्रथिनं ऊर्जेच्या मानानं जास्त होताहेत. याला भुसा हे औषध नाही. भुशानं ऊर्जा आणखी घटते. थोडा मका त्यापेक्षा उपयोगी पडतो, आणि पेंड तर त्या दिवसांत जवळजवळ बंद करता येते. पेंडीचे वाचलेले पैसे हाही या हिशोबातला एक रकाना आहे, तो बहुतेक जण मांडत नाहीत.

सुका चारा खरोखर कुठे लागतो

भरडा जास्त आहे आणि लगेच कमी करता येत नाही, तिथे. बीटचे कंद खायला घातले जातात तिथे, कारण त्यात साखर भरपूर आणि तंतू नगण्य. कोरड्या चाऱ्यावरून हिरव्या कुरणावर जाताना पहिले आठ-पंधरा दिवस, कोठीपोटातल्या जिवाणूंना सवय होईपर्यंत. आणि ओल्या क्लोव्हर (तीन पानी द्विदल चारा) किंवा लसूणघासावर सोडण्याआधी, पोटफुगीच्या भीतीनं. इथे मात्र वाळकं गवत एकट्यानं पोटफुगी थांबवेल या भरवशावर राहू नका. त्यानं भूक मोडते, हावरेपणा कमी होतो, एवढंच. धोका मोठा असेल तर पोटफुगीवरचं तेल किंवा औषध हाताशी हवं. मॅग्नेशियमच्या कमतरतेनं लागणाऱ्या झटक्यांवरही भुसा चालत नाही, तिथे मॅग्नेशियमच द्यावं लागतं.

द्यायचा तर गवतावर सोडण्याआधी, धारेनंतर लगेच, गव्हाणीत किंवा चाऱ्याच्या गोल कड्यात, म्हणजे तुडवणं वाचेल. प्रमाण एक ते दीड किलोपासून. कुट्टी पिठासारखी नको, दोन-अडीच सेंटिमीटर ते पाच सेंटिमीटर लांबी ठीक. फार बारीक केलं तर एनडीएफ कागदावर राहतं, रवंथ होत नाही. बुरशीची गाठ फुकट मिळाली तरी महाग.

खाण्याचा सोडा गायीला दिवसाला १५० ते २०० ग्रॅम, खुराकात नीट मिसळून. भरड्यामुळे आम्लता असेल तर त्याचा उपयोग होतो. डब्यात उघडा ठेवून 'गाय हवा तेवढा खाईल' ही पद्धत भरवशाची नाही. ज्या गायीला गरज असते ती खाईलच असं नाही.

लागू पडतंय का ते कसं कळणार

सगळ्या कळपाला एकदम भुसा सुरू केला तर कधीच कळणार नाही, कारण गवत रोज बदलतं. वेताच्या आणि दुधाच्या हिशोबानं सारखे दोन गट पाडा. दोघे एकाच कुरणावर. एकाला सुका चारा, दुसऱ्याला नाही. फॅटमध्ये फरक दिसायला सात-दहा दिवस लागतात, म्हणून चाचणी तीन आठवडे चालवा. दोन्ही गटांचं दूध वेगळं मोजा आणि वहीत टक्के नाही, ग्रॅम लिहा. गट पाडणं जमत नसेल तर निदान मागे उरलेल्या गवताची उंची मोजा. भुसा सुरू केल्यावर कुरणात आधी चार-पाच सेंटिमीटर उरणारं गवत सहा-सात उरू लागलं, तर गायीनं भुशाच्या बदल्यात कुरण सोडलंय. ते उरलेलं गवत पुढच्या फेरीला जून, बेचव होऊन तिथेच राहतं.

गाठी आधीच आणून ठेवल्या असतील तर त्या भाकड गायींकडे वळवा. तिथे कमी ऊर्जेचा, कमी पालाशाचा चाराच हवा असतो. विण्याआधीच्या तीन आठवड्यांत कोवळ्या, पालाशानं भरलेल्या गवतावर मोकळी सोडलेली गाय व्यायल्यावर दूधतापाला (रक्तातलं कॅल्शियम घसरून होणारा आजार) जास्त बळी पडते. तिथे भुशानं गवताचा वाटा कमी होतो, आणि तेव्हा नेमकं तेच हवं असतं. फक्त ऊर्जा आणि मॅग्नेशियम कमी पडणार नाही एवढा खुराक सोबत ठेवा.